चाकातून फुकट वीज निघत नाही

आमच्या औसा तालुक्यात सध्या एक व्हिडिओ ग्रुपमागून ग्रुप फिरतोय. शेडमध्ये जाड लोखंडी चाक, एका अंगाला मोटर, दुसऱ्या अंगाला अल्टरनेटर, म्हणजे फिरवलं की वीज देणारं यंत्र. म्हणे चाक एकदा फिरवा, मग 5 एचपीचा पंप जन्मभर चालवा, बिल शून्य. आमच्या भावकीतल्या एकाने सोयाबीनच्या पैशातून 40,000 रुपये आगाऊ देऊन टाकले, म्हणून हे लिहितोय.

पहिला दावा, जड चाकाने ताकद वाढते. चाक म्हणजे टाकी, झरा नव्हे. भराल तेवढंच निघणार. 100 किलोचं, 1 मीटर व्यासाचं भरीव चाक मिनिटाला 1,000 फेरे घेत असेल, तर त्यात साधारण 68,500 ज्यूल ऊर्जा असते. 5 एचपीच्या पंपाला सेकंदाला 3,730 ज्यूल लागतात. भागाकार करा. थेंबभरही वाया गेली नाही तरी 18 सेकंदांत चाक थांबलं. तेवढ्यात एक सरीसुद्धा भिजत नाही.

"पण बल्ब तर लागलेला दिसतो!" दिसणारच. 9 वॉटच्या एलईडीला तीच ऊर्जा कागदावर दोन तास पुरते. घर्षणात बरीच गेली तरी दोन मिनिटांच्या व्हिडिओला भरपूर. बल्ब दाखवतात आणि पंप दाखवत नाहीत, ते यामुळेच.

मोटर अल्टरनेटरला फिरवते आणि अल्टरनेटर मोटरला वीज देतो, हा दुसरा दावा. दोन्ही 85 टक्के कार्यक्षम धरले तर 100 युनिटचे पहिल्याच फेरीत 72 उरतात, दुसऱ्या फेरीत 52. बाकीची उष्णता होते. चालून थांबलेल्या मोटरच्या बॉडीला हात लावला की कळतं. जुन्या सायकलचा डायनॅमो टायरला टेकवला की पायडल कसं जड व्हायचं, आठवतं ना? तो दिवा आपल्या मांड्यांच्या जोरावर लागायचा.

भास्कराचार्यांचं नावही यात ओढलंय. 1150 च्या सिद्धांतशिरोमणीत पारा भरलेल्या, आपोआप फिरत राहणाऱ्या चाकाचं वर्णन आहे, हे खरं. पण असं चाक आजवर कुणालाच चालवता आलेलं नाही. पॅरिसच्या विज्ञान अकादमीने तर 1775 सालीच असल्या यंत्रांचे प्रस्ताव तपासणं बंद केलं.

10,000 लिटर पाणी 30 मीटर वर आणायला किमान 0.82 युनिट लागतंच. मोटेच्या काळात ते धावेवर उतरणारे बैल द्यायचे, आता डीपीवरची लाइट देते किंवा सौर पॅनलवरचं ऊन. विकणाऱ्याला सांगा, यंत्र आमच्या विहिरीवर आण, बॅटरी आणि बाहेरची वायर काढ, पंप तासभर चालवून दाखव. तोवर एक रुपया देऊ नका.