‘एका प्रार्थनेत सुटका, नाहीतर विश्वास खोटा’: या मेसेजला उत्तर

ख्रिस्ती मंडळ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज सतत फिरत असतो. त्याचा सारांश असा: खरा विश्वास असेल तर दारू असो, अश्लील व्हिडिओ असोत, एका प्रार्थनेत सुटतं. पुन्हा पडलात तर तारण, म्हणजे ख्रिस्तामुळे पापापासून मिळणारी सुटका, झालेलंच नाही. मोहासमोर पाय रोवून उभे राहा. पाप फक्त देवाला सांगा, माणसांना नको. आणि डॉक्टरकडे जाणं म्हणजे अविश्वास. हेतू चांगला असेलही, पण या सल्ल्यानं माणसं आणखी खोल रुततात.

‘एका प्रार्थनेत सुटतं.’ काहींचं सुटतं, ते कुणी नाकारत नाही. पण तो नियम नव्हे. प्रभूच्या प्रार्थनेत आपण आजची भाकर मागतो आणि लगेच पापांची क्षमा व परीक्षेपासून राखण मागतो. हे सगळं एकदाच मागून संपणारं असतं, तर येशूनं शिष्यांना ते शिकवलं नसतं. लूक 9:23 मध्ये वधस्तंभ ‘दररोज’ उचलायला सांगितला आहे.

‘पुन्हा पडलात तर तारण नाही.’ यासाठी 1 योहान 3:9 पुढे केलं जातं: देवापासून जन्मलेला पाप करत नाही. त्याच पत्राचा पहिला अध्याय मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही. आपल्या ठायी पाप नाही असं म्हटलं तर आपण स्वतःला फसवतो, असं तिथं 1:8 मध्ये आहे. 2:1 मध्ये कुणी पाप केलंच तर पित्याजवळ कैवारी आहे, हेही सांगितलं आहे. योहान पापात निवांत राहणाऱ्याबद्दल बोलतो. पडून उठणाऱ्याबद्दल नव्हे. शिष्य पेत्रानं ‘मी येशूला ओळखत नाही’ म्हणण्याआधीच येशूनं त्याच्यासाठी प्रार्थना केली होती आणि परत वळल्यावरचं कामही नेमून दिलं होतं (लूक 22:32). अर्थात ‘कृपा आहेच, चालू द्या’ म्हणणाऱ्यांना रोमकरांस 6 पुरेसं आहे: कृपा वाढावी म्हणून पापात राहायचं का? मुळीच नाही.

‘पाय रोवून उभे राहा.’ इथं 1 करिंथकरांस 10:13 अर्धंच वाचलं जातं. परीक्षेतून निभावण्याचा उपाय देव देतो, आणि पुढचंच वचन म्हणतं, मूर्तिपूजेपासून पळा. जारकर्माबद्दल त्याच पत्रात 6:18 मध्येही तेच. उत्पत्ती 39 मधला योसेफ, मोह घालणाऱ्या मालकिणीशी, पोटीफरच्या बायकोशी, वाद घालत बसला नाही, अंगावरचं वस्त्र तिच्या हातात सोडून पळाला. आजच्या घरात पळणं म्हणजे रात्री फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावणं, अश्लील साइट अडवणाऱ्या ब्लॉकरचा पासवर्ड दुसऱ्याकडे ठेवणं, पगाराच्या दिवशी बारवरून न जाणारी वाट धरणं. हे सुचायला मोठा विश्वास लागत नाही. करायला मात्र लागतो.

‘फक्त देवाला सांगा.’ याकोब 5:16 नेमकं उलट सांगतं: एकमेकांजवळ पापं कबूल करा, एकमेकांसाठी प्रार्थना करा. कॅथलिकांकडे त्यासाठी पापनिवेदनाचा संस्कार आहे. इतर मंडळ्यांत ही सोय बहुधा कुणी लावून देत नाही, स्वतःच लावावी लागते. माणूस एकच निवडा, पुरुषानं पुरुष, बाईनं बाई. त्याच व्यसनात आज अडकलेला नको, आणि तोंडाचा सैल तर नकोच. आठवड्यातून एक ठरलेली वेळ. प्रश्न तीनच: पडलास का? त्याआधीच्या तासाभरात काय चाललं होतं? येत्या आठवड्यात काय बदलणार? दुसऱ्या प्रश्नातच बहुतेक उत्तर असतं. भांडण, एकटेपणा, थकवा, रिकामी दुपार, असं काहीतरी निघतं. पडल्यावर पुढच्या भेटीची वाट न बघता त्याच दिवशी फोन करायचा, कारण लपवलेला एक दिवस पुढचा आठवडा खातो. ही सोय बिघडते तीही ठरावीक कारणांनी: ऐकणारा नको तितका तपशील विचारतो, बायकोलाच पहारेकरी केलं जातं, किंवा जेमतेम महिना झाल्यावर त्या माणसाला आपण कसे सुटलो याची साक्ष द्यायला व्यासपीठावर उभं केलं जातं. टाळ्या मिळाल्यावर पुढची घसरण सांगायची हिंमत कुणाला होईल?

‘डॉक्टर म्हणजे अविश्वास.’ हे सगळ्यात घातक आहे. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्यानं दारू एकदम तोडली, तर काही तासांतच हात थरथरतात, घाम फुटतो. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी काहींना भ्रम होतो: भिंतीवर किडे दिसतात, नसलेली माणसं दिसतात, ताप चढतो. हे दुरात्मा समजून खोलीत कोंडून रात्रभर प्रार्थना चालवली, तर माणूस दगावू शकतो. म्हणून अशा माणसानं आधी डॉक्टरला गाठून त्याच्या देखरेखीखाली सोडावी. तिथं झटके रोखणारी औषधं आणि थायमिन, म्हणजे बी1 जीवनसत्त्व, देतात. प्रेषित पौलाच्या सोबत्यांत लूक नावाचा वैद्य होता (कलस्सै 4:14), आणि त्यावरून पौलाच्या विश्वासावर कुणी शंका घेतलेली नाही. मंडळीनं रुग्णालयात पलंगाशेजारी प्रार्थना जरूर करावी. तो घरी परतल्यावर संध्याकाळी सात ते दहा त्याच्यासोबत कोण बसणार, याची वारांप्रमाणे यादी मात्र डिस्चार्जच्या आधीच तयार हवी.