‘पीडीएफचं जेपीजी करा, फॉन्टची कटकट संपली’: कुठे संपली?

दिवाळी अंकांची कामं सुरू झाली की हा मेसेज फिरायला लागतो: ‘मराठी पीडीएफमधली अक्षरं तुटतात? इमेजमॅजिकच्या कन्व्हर्ट कमांडने सगळ्या पानांचं जेपीजी करून टाका. एका ओळीचं काम. फॉन्टचा प्रश्न कायमचा मिटतो, क्वालिटी तशीच राहते, फाइलही हलकी होते.’ इमेजमॅजिक म्हणजे कमांड लिहून चालवायचं, चित्रांचे फॉरमॅट बदलणारं मोफत सॉफ्टवेअर. पानांची चित्रं करणं हे माझं रोजचं काम आहे, म्हणून एकेक दावा तपासतो.

आधी फॉन्टचं. चित्र आपोआप होत नाही, कुठल्या तरी मशीनला ते पान आधी चित्रासारखं रेखाटावं लागतं. फॉन्ट फाइलमध्येच एम्बेड केलेला, म्हणजे आत साठवलेला असेल तर काही अडचण नाही. नसेल तर मशीन हाताशी असलेला दुसरा फॉन्ट लावतं. कृतीदेव या जुन्या देवनागरी फॉन्टमध्ये ‘मराठी’ हा शब्द आतून ई-जे-के-बी-एच अशी रोमन अक्षरं असतो. त्यांना म, काना, ठ हे रूप देतो तो फॉन्ट. तो नसला की पानावर ती रोमन अक्षरंच उमटतात. माझ्या एका कामात अनुक्रमणिकेचं पान असंच गेलं होतं. संपादकांचा फोन आल्यावर कळलं, कारण माझ्या लॅपटॉपवर फॉन्ट होता आणि चित्रं काढणाऱ्या सर्व्हरवर नव्हता. म्हणजे जेपीजी केल्याने चूक दुरुस्त झाली नाही, पक्की झाली. त्याआधी पॉपलर या पीडीएफ हाताळणाऱ्या मोफत साधनसंचातलं, फॉन्टची यादी देणारं पीडीएफफॉन्ट्स चालवून ‘एम्ब’च्या (एम्बेड आहे का) रकान्यात ‘नो’ कुठे आहे ते बघितलं असतं, तर पाच सेकंदांत कळलं असतं.

‘क्वालिटी तशीच राहते.’ पीडीएफचं माप पॉइंटात असतं, एका इंचात 72. इमेजमॅजिकला काही सांगितलं नाही तर ते एका पॉइंटाला एक पिक्सेल धरतं आणि ए-फोरचं पान 595 बाय 842 पिक्सेलचं होतं. यात रफार आणि अनुस्वार एकमेकांत मिसळून जातात. डेन्सिटी (एका इंचात किती पिक्सेल, म्हणजेच डीपीआय) 300 द्या, तेच पान 2480 बाय 3508 होतं. पण हा पर्याय इनपुट फाइलच्या नावाआधी लिहायचा. नंतर लिहिला तर पान आधीच 72 वर काढून झालेलं असतं, बदलतो तो फक्त फाइलवर लिहिलेला आकडा. वर जेपीजी म्हटलं की अक्षरांच्या कडेला धुरकट ठिपके येतात. तो फॉरमॅट फोटोंसाठी आहे. मजकुरासाठी पीएनजी.

हलकी फाइल? नुसत्या मजकुराचं पान पीडीएफमध्ये काही केबींत बसतं. 300 डीपीआयचं रंगीत पान न दाबता साधारण 26 एमबी. कितीही दाबलं तरी मूळ पानाएवढं लहान सहसा होत नाही. फाइल स्कॅनची असेल तर पानं पुन्हा काढायचीच कशाला? आतली चित्रं पॉपलरच्याच पीडीएफइमेजेसने जशीच्या तशी बाहेर येतात.

राहिली ती एक ओळ. इमेजमॅजिक पीडीएफ स्वतः काढत नाही, घोस्टस्क्रिप्ट या दुसऱ्या प्रोग्रामकडून काढून घेतं. 2018 मध्ये घोस्टस्क्रिप्टमधल्या सुरक्षेच्या त्रुटी उघड झाल्यावर उबुंटूसारख्या लिनक्सने इमेजमॅजिकच्या पॉलिसी फाइलमधून (काय चालवू द्यायचं ते ठरवणारी फाइल) पीडीएफ बंदच केलं. त्यामुळे कित्येकांना ती ओळ टाकल्यावर परवानगी नसल्याचा एरर एवढंच दिसतं. मग लोक पॉलिसी फाइल उघडून ती बंदी खोडतात, तेही परक्याने अपलोड केलेल्या पीडीएफ हाताळणाऱ्या सर्व्हरवर! त्यापेक्षा पानांची चित्रं काढणारं पीडीएफटूपीपीएम वापरा. ते पॉपलरचं आहे, घोस्टस्क्रिप्टकडे जात नाही, एकेक पान काढतं, आणि काही न सांगता 150 डीपीआय धरतं. मोठ्या अंकाला पहिलं आणि शेवटचं पान ठरवून तुकड्यांनी चालवता येतं.

आणखी एक, मेसेजमध्ये नसलेलं: चित्र झालं की शोध गेला, लिंक गेल्या, स्क्रीन रीडरवर ऐकणाऱ्या वाचकाच्या हाती काहीच राहत नाही.

तरी मीही चित्रं काढतो, कृतीदेवमधल्या जुन्या अंकांची. त्यांचा मजकूर कॉपी केला तर रोमन कचराच येतो, म्हणून आधी फॉन्ट तपासून पान 300 डीपीआयच्या ग्रे पीएनजीत काढायचं आणि टेसरॅक्टच्या मराठी ओसीआरला, म्हणजे चित्रातला मजकूर ओळखणाऱ्या प्रोग्रामला द्यायचं. जोडाक्षरं हातानं तपासावी लागतातच.