नगीब नावाचं स्टेशन

मागच्या आठवड्यात घरच्या ग्रुपवर परत तोच विषय निघाला. आधी खड्डे, मग नेते, मग कोण कुठल्या पक्षात उडी मारून गेला, आणि शेवटी एका काकांनी लिहिलं की या देशात पाच वर्षं मिलिटरी रूल आणा, सगळे सुतासारखे सरळ येतील. खाली पंधरा-वीस अंगठे. काका मनाने खरंच चांगले आहेत, आयुष्यभर सचोटीने नोकरी केली, त्यांची चीड मला समजते. मी तिथे काहीच लिहिलं नाही कारण मला जे सांगायचंय ते चार ओळीत बसणारं नव्हतं. म्हणून इथे लिहितोय. लांब झालंय, सवडीने वाचा.

दोन वर्षांपूर्वी कंपनीच्या कामासाठी तीन आठवडे कैरोत होतो. शुक्रवारी सुट्टी असायची, मी मेट्रोने उगाच फिरायचो. गर्दी म्हणाल तर आपल्या लोकलसारखीच, मधले डबे बायकांचे, फेरीवाले चालू गाडीत मोबाईलची कव्हरं विकतायत, मला तर घरच्यासारखं वाटलं. तिथल्या स्टेशनांना राज्यकर्त्यांची नावं आहेत. नासर, सादात. मुबारक पण होतं, २०११ च्या उठावानंतर ते बदलून शुहदा म्हणजे शहीद केलं. आणि सादातच्या शेजारीच दुसऱ्या लाईनवर एक स्टेशन आहे, मोहम्मद नगीब. मी ऑफिसातल्या एकाला विचारलं हे कोण. तो म्हणाला, आमचे पहिले राष्ट्राध्यक्ष, पण माझ्या वडिलांना शाळेत विचारलं असतं तर त्यांनी पहिला राष्ट्राध्यक्ष नासरच सांगितला असता, कारण पुस्तकात तसंच होतं.

ते वाक्य डोक्यातून जाईना. एका देशाचा पहिला राष्ट्राध्यक्ष जिवंत आहे, त्याच शहरात आहे, आणि शाळेतल्या पोरांना तो झालाच नव्हता असं शिकवतायत. तिथून मी जे मिळेल ते वाचत सुटलो.

नगीब यांचा जन्म सुदानात खार्तूमचा, १९०१ चा. वडील लष्करात, हे पण लष्करात. पण नोकरीत राहूनच त्यांनी १९२७ साली कायद्याची पदवी घेतली, नंतर अर्थशास्त्राचं पण शिक्षण केलं. १९४२ च्या फेब्रुवारीत ब्रिटिशांनी कैरोच्या आब्दीन राजवाड्याला रणगाड्यांनी वेढा घातला आणि राजा फारूकला सांगितलं की आम्ही सांगतो तोच पंतप्रधान नेम, राजाने मुकाट्याने नेमला. त्यावर नगीबनी राजीनामा पाठवला. म्हणजे माझ्या राजाचं रक्षण मला करता येत नसेल तर हा गणवेश अंगावर कशाला. राजाने राजीनामा घेतला नाही. नंतर १९४८ च्या पॅलेस्टाईनच्या लढाईत ते जखमी झाले, एकदा नाही, तीनदा, एकदा तर वाचतील की नाही अशी वेळ होती. सांगायचं हे की हा माणूस खुर्चीसाठी आलेला नव्हता. सैनिक त्याला मानायचे ते उगाच नाही.

त्याच लढाईतून परत आलेले काही तरुण अधिकारी, तिशीतले, गमाल अब्देल नासर त्यांचा म्होरक्या, स्वतःला फ्री ऑफिसर्स म्हणवून घेत होते. हरल्याची चीड होती, राजाच्या ऐषआरामाची चीड होती, सुएझ कालव्यावर बसलेल्या ब्रिटिशांची तर होतीच. पण मेजर-कर्नलच्या हुद्द्यातल्या पोरांचं देश का ऐकेल? त्यांना एक वडीलधारा चेहरा पाहिजे होता. १९५२ च्या जानेवारीत ऑफिसर्स क्लबच्या निवडणुकीत नगीब राजाच्या माणसाविरुद्ध उभे राहिले आणि निवडून आले, तेव्हाच सगळ्यांना कळलं की चेहरा हाच.

२२-२३ जुलै १९५२ ची उठावाची रात्र वाचताना तर मला घाम फुटला. युसूफ सिद्दीक नावाचा कर्नल आपली तुकडी घेऊन ठरल्या वेळेच्या तासभर आधी निघाला, चुकून. वाटेत साध्या कपड्यातले दोघं संशयित दिसले म्हणून त्याच्या जवानांनी धरले. ते निघाले खुद्द नासर आणि त्याचा जिवलग मित्र अब्देल हकीम आमेर. तोपर्यंत बातमी फुटलेली, मुख्यालयात वरिष्ठ अधिकारी जमा झालेले. सिद्दीक लवकर निघाला नसता तर सगळेच पकडले गेले असते. त्याने कुब्री अल कुब्बाचं मुख्यालय घेतलं आणि मग नगीबना फोन गेला की या. ते हिल्मियात अल झैतूनला आपल्या घरीच होते. सकाळी रेडिओवर निवेदन वाचलं अन्वर सादातने, पण खाली नाव नगीब यांचं.

तीन दिवसांनी, २६ जुलैला, अलेक्झांड्रियाहून फारूक बोटीने देश सोडून गेला. काही तरुणांना तो मारायला हवा होता. तसं झालं नाही, एकवीस तोफांची सलामी देऊन त्याला जाऊ दिलं. नगीब गर्दीत अडकल्यामुळे धक्क्यावर उशिरा पोचले तर लाँच घेऊन मागून गेले आणि बोटीवर चढून त्याला निरोप दिला, सॅल्यूट ठोकला. फारूक जाताना त्यांना म्हणाला की इजिप्तवर राज्य करणं सोपं नाही. या प्रसंगाचा मी खूप विचार केलाय. ज्याला हाकलला त्याला सॅल्यूट करायला सुद्धा काळीज लागतं.

पण इथे थांबून एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, नाहीतर मी पण तुम्हाला अर्धवटच सांगितलं असं होईल. महिनाभरच झाला होता. ऑगस्टमध्ये काफ्र अल दव्वार या गिरण्यांच्या गावात संप झाला. कामगारांना वाटलं की आता आपलं सरकार आलंय, क्रांती झालीय, ते नगीबच्या नावाचा जयजयकार करत होते हो! लष्कर आलं, गोळीबार झाला, माणसं मेली, गिरणीच्या आवारातच लष्करी कोर्ट भरवलं आणि दोन कामगारांना, मुस्तफा खमीस आणि मोहम्मद अल बकरी, सप्टेंबरच्या ७ तारखेला फाशी दिली. खमीस अजून विशीच्या उंबरठ्यावरचा पोरगा. त्या शिक्षेवर मंजुरी नगीब यांची आहे. कायदा शिकलेल्या माणसाची. माझे आजोबा परळच्या गिरणीत साचेवाले होते, संपाच्या गोष्टी ऐकत मी मोठा झालोय, म्हणून असेल, पण हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. नंतर त्यांना त्याचा पश्चात्ताप झाला असं वाचलं, असेलही, पण त्याने खमीस परत येत नाही.

आणि पुढे सुद्धा, डिसेंबरात जुनी राज्यघटना रद्द केली, जानेवारी १९५३ ला सगळे पक्ष बरखास्त केले, सही करणाऱ्यांत नगीब होतेच. चांगलं काही झालंच नाही असं मी म्हणत नाही. सप्टेंबर ५२ चा जमीन सुधारणा कायदा, माणशी दोनशे फेद्दानची (फेद्दान म्हणजे साधारण एकर) कमाल मर्यादा, ज्या देशात मूठभर पाशांकडे जमिनी आणि बाकी सगळे कुळं, तिथे ही मोठीच गोष्ट होती. आपल्याकडे कूळकायदा झाला त्या आसपासचाच काळ. १८ जून १९५३ ला प्रजासत्ताक जाहीर झालं आणि नगीब पहिले राष्ट्राध्यक्ष.

आणि नेमकं त्याच दिवशी बिनसायला सुरुवात झाली असं मला वाटतं. त्या दिवशी आमेरला मेजरवरून एकदम मेजर जनरल केला आणि सगळ्या सैन्याचा सेनापती केला. का? तर नासरचा दोस्त. नगीब यांचा विरोध होता, पण तो टिकला नाही. आता फौजेतल्या कुणालाही विचारा, मधले हुद्दे का असतात. प्रत्येक पायरीवर माणूस काहीतरी शिकतो, चुका करतो, त्या निस्तरतो. त्या सगळ्या पायऱ्या एका सहीत ओलांडल्या. त्याची किंमत चौदा वर्षांनी कळली. ५ जून १९६७ ला सकाळी इस्रायलची विमानं आली तेव्हा हाच आमेर, तोवर फील्ड मार्शल झालेला, स्वतः विमानात होता, सिनाईच्या वाटेवर. दुसऱ्या दिवशी त्याने सैन्याला धड योजना नसताना माघारी फिरायला सांगितलं आणि वाळवंटात हजारो जवान मेले. काकांना मला हेच विचारायचंय. आपलं सैन्य चांगलं आहे ते ज्या कारणाने चांगलं आहे, ते कारणच पहिल्यांदा मरतं ना, राज्य हातात आल्यावर? मग बढती लढाईवर मिळत नाही, दोस्तीवर मिळते.

१९५४ ला नगीब म्हणायला लागले की आता बस, निवडणुका घ्या, संसद आणा आणि आपण बराकीत परत जाऊ. फेब्रुवारीच्या २५ ला त्यांचा राजीनामा जाहीर झाला, लोक रस्त्यावर आले, सुदानमधून ओरड झाली, घोडदळाचे अधिकारी फ्री ऑफिसर्सपैकीच एक असलेल्या खालिद मोहिएद्दीनच्या मागे उभे राहिले आणि दोन दिवसांत त्यांना परत आणावं लागलं. मार्चमध्ये तर ठराव झाला की क्रांतिकारी मंडळ, म्हणजे राज्य चालवणारं या अधिकाऱ्यांचं मंडळ, जुलैत बरखास्त करायचं, पक्षांना परवानगी द्यायची. कागदावर नगीब जिंकले होते. आणि मग मार्चच्या शेवटी कैरोत ट्रान्सपोर्टचा संप घडवला गेला, ट्राम बंद, बस बंद, आणि रस्त्यावर घोषणा काय, तर पक्ष नकोत, लोकशाही नको. खालिद मोहिएद्दीनने नंतर आठवणींत लिहिलंय की त्यासाठी चार हजार पौंड दिले असं नासरने स्वतःच त्याला सांगितलं. चार हजार! त्याच गडबडीत २९ मार्चला जमाव स्टेट कौन्सिलच्या, म्हणजे सरकारविरुद्धचे खटले चालवणाऱ्या कोर्टाच्या, इमारतीत घुसला आणि कायदेपंडित अल सनहूरी यांना मारहाण केली. अख्ख्या अरब जगात ज्यांचा दिवाणी कायदा प्रमाण मानतात तो हा माणूस, आणि ५२ साली याच अधिकाऱ्यांना कायद्याचा आधार शोधून द्यायला यांनीच मदत केलेली.

संपासाठी कामगाराला लटकवणारे तेच, आणि दीड वर्षात पैसे देऊन संप करवणारे पण तेच. हे मला कुठल्याही तत्त्वज्ञानाच्या पुस्तकापेक्षा जास्त समजलं.

ऑक्टोबरात अलेक्झांड्रियाच्या सभेत नासरवर गोळ्या झाडल्या गेल्या, आळ मुस्लिम ब्रदरहूड या धार्मिक संघटनेवर आला, आणि नगीब यांचे त्यांच्याशी धागेदोरे आहेत असं म्हणत १४ नोव्हेंबर १९५४ ला त्यांना काढलं. न्यायला आला होता आमेरच. काही दिवसांसाठी म्हणून शहराबाहेर अल मर्गला एका व्हिलात नेलं. ते काही दिवस जवळपास सतरा वर्षं चालले.

ज्या युसूफ सिद्दीकच्या चुकीने क्रांती वाचली, तो पण लोकशाही लोकशाही म्हणत मंडळातून आधीच बाहेर पडला होता. त्याच्या नशिबी सुद्धा कैदच आली.

मर्गमध्ये नगीब यांनी कुत्री-मांजरं पाळली. एका मांजराच्या पिल्लाला कुत्री दूध पाजतेय असा फोटो त्यांनी जपून ठेवला होता. तीन मुलगे. एक १९६८ ला जर्मनीत मारला गेला, त्याच्या दफनाला बापाला जाऊ दिलं नाही. दुसरा तुरुंगात राहून आला आणि थोड्याच दिवसांत गेला. तिसऱ्याने पोटासाठी टॅक्सी चालवली. १९७१ ला सादातने त्यांना मोकळं केलं, ज्याने त्यांच्या नावाचं निवेदन रेडिओवर वाचलं होतं त्याच सादातने. २८ ऑगस्ट १९८४ ला ते गेले, तेव्हा लष्करी इतमामात अंत्ययात्रा निघाली आणि राष्ट्राध्यक्ष मुबारक स्वतः आले. २०१७ ला त्यांच्या नावाने मोठा लष्करी तळ सुद्धा उघडला. सगळा मान मिळाला, माणूस गेल्यावर.

माझा परतायच्या आधीचा शेवटचा शुक्रवार होता. मी मोहम्मद नगीब स्टेशनला चढलो, सादातला गाडी बदलली आणि मर्गची धरली. मग एकेक स्टेशन यायला लागलं. नासर. शुहदा. गाडी जमिनीवर आली, उजेड आला. कुब्री अल कुब्बा, जिथलं मुख्यालय सिद्दीकने घेतलं. हिल्मियात अल झैतून, जिथे रात्री फोन वाजला. मी प्रत्येक वेळी दाराबाहेर बघत होतो, बाहेर काय, इमारती, वाळत घातलेले कपडे, डिश अँटेना. शेजारी एक आजोबा बसलेले, त्यांनी मला दोन खजूर दिले, भाषा येत नव्हती तरी खुणेने विचारलं कुठे उतरणार. मी म्हटलं मर्ग. त्यांनी बरीच बोटं दाखवली, म्हणजे अजून खूप स्टेशनं आहेत.

मर्गला उतरून एका चहावाल्याला फोनवरचा नगीब यांचा फोटो दाखवला आणि हाताने घर अशी खूण केली. त्याने फोन हातात घेतला, चष्मा वर करून फोटो मोठा करून बघितला, मग रस्त्यापलीकडच्या उंच इमारतींकडे हात केला आणि तळवा सपाट फिरवला. पाडलं. चहाचे पैसे त्याने घेतले नाहीत.