सगळे स्मिथ एका लोहाराचे वंशज नाहीत

स्मिथ (म्हणजे लोहार) या इंग्रज आडनावाबद्दल एक मजकूर सतत फिरत असतो. 1066मध्ये इंग्लंड जिंकल्यावर नॉर्मन राजाने रयतेला आडनावं लावायला लावली. सगळे स्मिथ एकाच लोहाराचे वंशज. स्पेलिंगमध्ये 'आय'ऐवजी 'वाय' असलेले (Smyth) त्यातले खानदानी. आणि घराण्याला स्वतःचं कुलचिन्ह. यातलं एकही विधान टिकत नाही.

"आडनावं 1066मध्ये दिली." असा हुकूम कधीच निघाला नाही. 1086च्या डूम्सडे पाहणीत, म्हणजे राजाने करवलेल्या जमिनींच्या मोजदादीत, मोठ्या जमीनदारांची ओळखनावं दिसतात, साध्या कुळांची मात्र बहुतेक ठिकाणी नुसती संख्या आहे. उलट 'स्मिथ' ही ओळख 975च्या सुमाराला उत्तर इंग्लंडातल्या डरहॅमकडे नोंदलेली सापडते. पण ती त्या माणसाच्या कामाची ओळख. मुलाने दुसरा धंदा धरला की ती तिथेच संपायची. बापाची ओळख नातवापर्यंत चिकटून राहणं रुळलं ते साधारण 13व्या-14व्या शतकांत, आधी दक्षिणेत आणि मग उत्तरेत.

"सगळ्यांचा मूळपुरुष एक." नाल, नांगराचा फाळ, कुऱ्हाड यांसाठी जवळजवळ प्रत्येक वस्तीला लोहार लागायचा, त्यामुळे हे आडनाव असंख्य ठिकाणी स्वतंत्रपणे उगवलं. आपण दोन कुलकर्ण्यांना भाऊबंद धरत नाही, आधी गाव विचारतो, तसंच हे. लेस्टर विद्यापीठात टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग या आनुवंशिकीतज्ज्ञांनी 40 आडनावांच्या पुरुषांचे वाय गुणसूत्र (बापाकडून मुलाकडे जाणारं) तपासले (2009). ॲटनबरोसारख्या दुर्मिळ आडनावांत समान पूर्वजाच्या खुणा ठळक मिळाल्या. स्मिथ मंडळींत मात्र, कोणतेही दोन अनोळखी पुरुष घ्यावेत तेवढंच साम्य निघालं.

"'वाय' म्हणजे खानदानी." स्पेलिंग चर्चचा कारकून ऐकून ठरवायचा. खुद्द शेक्सपिअरच्या उपलब्ध सह्यांतही स्पेलिंग एकसारखं नाही. शोध घेताना दोन्ही रूपं पाहायची, नाहीतर खरी नोंद हातची जाते.

"घराण्याचं कुलचिन्ह." कपांवर, चौकटींवर छापून विकलं जातं ते हेच. इंग्लंडमध्ये कुलचिन्ह आडनावाला मिळत नाही, एका व्यक्तीला मिळतं आणि तिच्या औरस पुरुषवंशात उतरतं. हे काम 1484मध्ये स्थापन झालेली कॉलेज ऑफ आर्म्स ही संस्था पाहते. हक्क सांगायचा तर त्या व्यक्तीपर्यंतची प्रत्येक पिढी कागदाने जोडून दाखवावी लागते.

मग खरा वंश शोधायचा कसा? आजपासून मागे, एकेक पिढी. इंग्लंड-वेल्समध्ये जन्म, विवाह, मृत्यूची सरकारी नोंद 1 जुलै 1837पासून आहे. स्मिथांच्या गर्दीत आईचं माहेरचं आडनाव हाच सगळ्यात मोठा आधार, म्हणून जन्मदाखला मागवायचाच. विवाहाच्या दाखल्यावर दोघांच्या वडिलांचं नाव आणि धंदा मिळतो. या नोंदींची सूची 1983पर्यंत तिमाहीवार आहे आणि जन्म नोंदवायला 42 दिवसांची मुदत, त्यामुळे डिसेंबरातलं बाळ पुढच्या वर्षाच्या मार्च तिमाहीत सापडू शकतं. 1841च्या जनगणनेत 15 वर्षांवरच्यांची वयं बहुतेक पाचाच्या पटीत खाली आणून लिहिली आहेत: 34चा माणूस 30चा दिसतो. तिथे जन्मवर्ष काढून पुढे गेलं की चुकलंच.

1837च्या मागे बाप्तिस्मा, विवाह, दफन यांच्या चर्चच्या वह्या. त्या 1538पासून सुरू होतात, पण 1640-50च्या यादवीच्या काळात पुष्कळ ठिकाणी खंड आहे. 1752पूर्वी वर्ष 25 मार्चला बदलायचं. वहीत 10 फेब्रुवारी 1720 असेल तर आपल्या हिशेबाने ते 1721. हे विसरलं की लग्नाआधीच मूल झाल्यासारखं दिसतं आणि लोक चांगली नोंद टाकून देतात.

सर्वांत जास्त वंशावळी बिघडतात त्या मात्र घाईने जोडलेल्या बाप्तिस्म्यामुळे. नाव जॉन स्मिथ, वर्ष जुळतं, परगणा जुळतो, बस्स, जोडला. असा बाप्तिस्मा सापडला की त्याच गावची दफनाची वही पुढची दहा वर्षं चाळायची. ते बाळ दोन महिन्यांत गेल्याची नोंद तिथे असेल, तर तो तुमचा जॉन नव्हे. शेजारच्या गावची वही उघडा.