मावशीचं गेट

माझी मावशी ऐरोलीला असते, जन्मभर शाळेत गणित शिकवलं, आता रिटायर्ड. नातू तिकडे न्यू जर्सीला, त्याला मराठी ओ की ठो कळत नाही, म्हणून बाईंनी इंग्रजी सुधारायचं मनावर घेतलं आणि मी दोन स्टेशनं पुढे घणसोलीला राहतो म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं. दर रविवारी चहाच्या वेळेला वही घेऊन हजर.

बरं चाललं होतं, 'गेट' आलं आणि तिथे घोडं पेंड खायला लागलं. हिने समासात लिहून ठेवलेलं, गेट = मिळणे. मग गेट अप म्हणजे वर मिळणे का? गेट ओव्हर, गेट बाय, गेट अवे, आणि गेट वेट म्हणजे तर चक्क भिजणे, आता यात मिळालं काय, सर्दी? "अरे एक्सची किंमत दर ओळीला बदलते, असं कुठे असतं का?" म्हणून मलाच झापलं, जसं काय भाषा मीच काढलीये.

मग म्हटलं एखादा नियम सांगू, गणितवाल्या माणसाला नियम दिला की शांत बसतो. कार, टॅक्सी, रिक्षा असेल तर गेट इन, आणि ज्यात उभं राहून चालता येतं, म्हणजे बस, ट्रेन, विमान, त्याला गेट ऑन. झालं. "संध्याकाळी ठाण्याला नऊ नंबर प्लॅटफॉर्मवरून पनवेल लोकल पकडलीयेस ना तू? त्यात चालता येतं?" नाही. "मग ते गेट इन. आणि शेअर रिक्षात ड्रायव्हरच्या बाजूला चौथा बसतो, अर्धा बाहेर, तो?" मी चहा प्यायलो.

तिला धीर द्यावा म्हणून सांगितलं की गेटचं काय घेऊन बसलीस, ऑक्सफर्डच्या मोठ्या डिक्शनरीत १९८९ च्या आवृत्तीत 'सेट'ची नोंद सगळ्यात लांब होती, आता 'रन' पुढे गेलाय, एकट्या रन या क्रियापदाचे ६४५ अर्थ, आणि पीटर गिलिव्हर म्हणून तिथले एक संपादक नऊ महिने त्याच्यावरच बसले होते. "नऊ महिने? मग बाळंतविडा पाठव त्याला," मावशी म्हणाली आणि वहीत ६४५ लिहून खाली दोन रेघा मारल्या, उत्तर आल्यासारख्या.

गेल्या आठवड्यात मात्र तिने स्वतःच्या जिवावर नातवाला व्हिडिओ कॉलवर अख्खी बिरबलाची खिचडी इंग्रजीतून सांगितली. ते पोरगं सगळं ऐकून शेवटी म्हणालं, "आज्जी, आय डिडन्ट गेट इट."

त्याच महिन्यात हिने त्याला चकल्यांचं पार्सल पाठवलेलं. फोन ठेवला तो थेट कुरियरच्या ऑफिसात, तो बिचारा काउंटरवरचा मुलगा सांगतोय की काकू, डिलिव्हर्ड दाखवतंय, हे बघा सही पण आहे, आणि ही म्हणतेय, "सही राहू दे तुझी, माझा नातू स्वतःच्या तोंडाने म्हणाला मिळालं नाही म्हणून, आणि तेही इंग्रजीत!"