‘प्रवास नव्हे, उपवास’: ऑस्लोच्या लेखावरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया सविस्तर होती, म्हणून उत्तरही सविस्तर देते. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ऑस्लोवरच्या लेखात मी बाकावर बसून ब्रेड-चीज खाल्ल्याचं, वाचनालयात अख्खी दुपार घालवल्याचं आणि शहराच्या साध्या पासावर बोटीने बेटं फिरल्याचं लिहिलं होतं. तुमचं म्हणणं असं की हा प्रवास नव्हे, उपवास आहे. ऐपत येईपर्यंत थांबावं, नाहीतर तेवढ्याच पैशांत व्हिएतनामला ऐटीत राहून यावं. तिथल्या करदात्यांच्या जिवावर फुकट मजा मारणाऱ्यांमुळे आपल्या लोकांचं नाव खराब होतं. आणि शेवटचा प्रश्न: सत्तरीतल्या आई-वडिलांना असं नेणार का?

व्हिएतनामचं आधी उरकते. जरूर जावं, सुंदर देश आहे. पण ज्याला फ्योर्डमधली, म्हणजे जमिनीत खोल शिरलेल्या खाडीतली बेटं आणि जूनमध्ये रात्री साडेदहानंतर मावळणारा सूर्य बघायचाय, त्याला हनोईतलं स्वस्त हॉटेल काय कामाचं?

आता तो ब्रेड. नॉर्वेत शाळेतली मुलं, कचेरीतली माणसं, डोंगरात फिरायला निघालेली कुटुंबं, सगळी दुपारी घरून बांधून आणलेले ब्रेडचे काप खातात. त्याला ते ‘माटपाके’ म्हणतात. काप उघडेच असतात, एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये पातळ कागद घालतात आणि वरून पुडी बांधतात. त्यावर बरेचदा ब्रुनोस्ट, म्हणजे तपकिरी चीज. चीज करताना निघालेली निवळी खूप वेळ आटवून ते करतात, त्यामुळे चव गोडसर लागते, दूध आटवताना पातेल्याला लागलेल्या खरवडीसारखी. चांगली नोकरी असलेली माणसं हे जेवण घेऊन बंदरावर बसतात आणि त्यात त्यांना कसलाही कमीपणा वाटत नाही. मग शेजारच्या बाकावर मी तेच खाल्लं तर तो उपवास कसा?

ऑस्लो महाग आहे हे खरंच. एक क्रोनर आपल्या आठ-नऊ रुपयांच्या घरात जातो आणि बीयरचा ग्लास शंभर क्रोनरच्या आसपास पडतो. पण महाग काय आहे ते नीट पाहायला हवं. जिथे दुसऱ्या माणसाचे हात लागतात ते महाग: कुणी शिजवून वाढलं, कुणी टॅक्सीतून सोडलं, कुणी खोली आवरली. तिथे वाढणाऱ्यालाही बऱ्यापैकी पगार मिळतो आणि तो आपल्या बिलात असतो. (टिप द्यावी लागत नाही, हे त्याचंच दुसरं टोक.) शिवाय उपाहारगृहाच्या बिलावर 25 टक्के मूल्यवर्धित कर, तर दुकानातल्या खाद्यपदार्थांवर 15 टक्के. म्हणजे तोच टोमॅटो दुकानातून पिशवीत घेतला तर एक भाव आणि ताटात मागवला तर भलताच. आणि नळाचं पाणी सोडून बाटली विकत घेणाऱ्यांबद्दल काय बोलावं? शहराचं बहुतेक पाणी मारिदाल्सवानेत तलावातून येतं आणि उत्तम असतं. बाटलीबंद पेय घेतलंच, तर रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात टाकून 2 किंवा 3 क्रोनरची अनामत परत घ्यावी. तिथे सगळेच घेतात.

उलट, जे सगळ्यांच्या मालकीचं आहे ते फुकट आहे आणि अव्वल आहे. तुम्ही ‘फुकट्या जागा’ म्हणून ज्यांची बोळवण केलीत, त्यांतली एक म्हणजे शिल्पकार विगेलँडचं शिल्पउद्यान. 200 हून अधिक शिल्पं, मधोमध एकाच दगडातून कोरलेला, 121 माणसं एकमेकांत गुंतलेली असा स्तंभ, आणि रात्री-अपरात्रीही उघडं. हे फुकट का आहे? 1921 साली ऑस्लो शहराने गुस्ताव विगेलँडशी करार केला: आम्ही तुला राहायला-काम करायला इमारत बांधून देतो, तू तुझं सगळं काम शहराला दे. शहराने रीतसर सौदा करून ते मिळवलंय. आणि मिळवलंय ते येणाऱ्या-जाणाऱ्याने पाहावं म्हणूनच.

ऑपेरा हाउसचंही तसंच. 2008 मध्ये उघडलेल्या या इमारतीचं छत पाण्यापासून वरपर्यंत उतरतं बांधलंय, लोकांनी त्यावर चालावं म्हणूनच. आतल्या कार्यक्रमाचं तिकीट परवडत नाही म्हणून कुणी नुसतं छतावर गेलं, तर वास्तुरचनाकारांना आनंदच होईल. समोरच 2020 मध्ये सुरू झालेलं डाइकमान वाचनालय. तिथे सर्वांत वरच्या मजल्यावर लाकडाची एक लहानशी शांत खोली आहे. शहराबाहेरच्या जंगलात 2014 साली हजार झाडं लावली आहेत. दरवर्षी एक लेखक एक हस्तलिखित देतो, ते या खोलीत बंद होतं, आणि 2114 मध्ये त्या झाडांच्या कागदावर ही पुस्तकं छापली जाणार आहेत. मी ती दुपार पैसे वाचवायला तिथे घालवली असं तुम्हाला वाटतं. मला तर त्या खोलीसाठी तिकीट काढावं लागलं असतं तरी मी काढलं असतं. नगरभवनातही तसंच. कैलाश सत्यार्थी आणि मलाला युसुफझाई यांना 10 डिसेंबर 2014 ला शांततेचं नोबेल जिथे दिलं गेलं, तो सभागार बघायला पैसे पडत नाहीत.

करदात्यांचा मुद्दा वर अर्धा आलाच आहे. मी घेतलेल्या प्रत्येक ब्रेडवर, प्रत्येक तिकिटावर, राहण्याच्या बिलावर मी तिथला कर भरलाय. व्हिसाचे 90 युरो वेगळे. पण तुमच्या या रागात एक गोष्ट अशी आहे की तिच्याशी मी सहमत आहे. तिथल्या मेट्रोत फाटकं नसतात, थेट गाडीत चढता येतं. ‘कुणी तपासत नाही, बिनधास्त बसा’ असा सल्ला आपल्या मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत फिरतो. तपासनीस येतात, दंड सणसणीत असतो, आणि ते येत नसते तरी हा सल्ला लाजिरवाणाच. तसंच हॉटेलच्या नाश्त्यातून जेवणाची पुडी बांधणं. काही हॉटेलं वेगळे पैसे घेऊन तशी परवानगी देतात. विचारावं, पैसे द्यावेत, मग बांधावी. न विचारता पर्समध्ये उकडलेली अंडी कोंबणाऱ्यांची बाजू मी कधीच घेणार नाही.

बोटींबद्दल तुम्ही ‘फुकट फेरी’ लिहिलंत, ते दुरुस्त करते, कारण इतरांचाही गोंधळ झालाय. शहराची वाहतूक रुटर चालवते. एका फेरीचं तिकीट चाळीस-पंचेचाळीस क्रोनर, 24 तासांचं त्याच्या साधारण तिप्पट. सात दिवसांचं तिकीट तीन दिवसांच्या मुक्कामातही स्वस्त पडू शकतं, म्हणून अ‍ॅपमध्ये आकडेमोड करूनच घ्या. याच तिकिटावर बस, ट्राम, मेट्रो आणि होवेदोया, लांगोयेने या बेटांच्या बोटी चालतात. होवेदोयावर 1147 साली इंग्लंडहून आलेल्या सिस्टर्शियन या ख्रिस्ती पंथाच्या साधूंनी स्थापलेल्या मठाचे अवशेष आहेत आणि पोहायला किनारा आहे. पण बिग्डॉय या भागाला जाणारी बोट वेगळी, तिला वेगळं तिकीट. तिथे 30 नंबरची बस याच पासावर जाते. विमानतळाला मात्र शहराचा पास पुरत नाही, जास्तीचे झोन घ्यावे लागतात. फ्लायटोगेट नावाची खास गाडी साध्या रेल्वेच्या जवळपास दुप्पट पैसे घेते आणि वाचवते ती काही मिनिटं.

खाण्याचं अजून एक. स्टेशनच्या पलीकडे ग्रोनलांड भागात पाकिस्तानी आणि इतर स्थलांतरितांची दुकानं आहेत. कोथिंबीर, मिरच्या, डाळी, आटा सगळं मिळतं आणि भाजी सुपरमार्केटपेक्षा बरेचदा स्वस्त असते. स्वयंपाकघर असलेल्या वसतिगृहात राहिलात तर गरम वरण-भात होतो. मेतकूट, भडंग इथून न्या. पेढे आणि तूप नेऊ नका, कारण युरोपबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. रविवारी मोठी सुपरमार्केटं बंद असतात, तेव्हा शनिवारीच पिशवी भरून ठेवा, नाहीतर त्या दिवशी खरोखरच उपवास घडेल.

काटकसर करायची नाही अशाही जागा आहेत. प्रवासविमा, चांगले बूट, आणि ऋतू. डिसेंबरात तिकिटं स्वस्त दिसतात, पण दिवस सहा तासांचा, आणि मी सांगितलेल्या निम्म्या गोष्टी अंधारात उरकाव्या लागतील. चित्रकार म्युंकच्या संग्रहालयाचे पैसेही द्यावेत. तिथे मी हात आखडला नव्हता, ते लेखात होतं, तुमच्या नजरेतून सुटलं असावं.

राहिले आई-वडील. नाही, त्यांना मी असं नेणार नाही. सहा खाटांची खोली, वरच्या खाटेची शिडी आणि सामाईक न्हाणीघर त्यांच्यासाठी नव्हे. त्यांच्यासाठी स्टेशनजवळचं, नाश्ता आणि लिफ्ट असलेलं हॉटेल घ्यावं, मुक्काम कमी करावा आणि जेवणाचे पैसे मोकळ्या हाताने सोडावेत. शहर मात्र तेच दाखवावं. विगेलँडच्या फाटकाशी 12 नंबरची ट्राम थांबते, सॉग्न्सवान तलावाकाठची वाट मेट्रोच्या शेवटच्या थांब्यापासून जवळ आहे आणि सपाट आहे, ऑपेराचं छत ते जमेल तेवढं चढतील. वय 67 पूर्ण असेल तर रुटरचं तिकीट निम्म्या दरात मिळतं, परदेशी पाहुण्यांनाही. अ‍ॅपमध्ये ‘ज्येष्ठ’ हा पर्याय निवडायचा आणि पासपोर्ट खिशात ठेवायचा, तपासनीस वय विचारू शकतो.