मानाग्वा: 'सोमोसाला मध्ये कशाला आणलंत?'

नमस्कार. निकाराग्वाची राजधानी मानाग्वा हिच्यावरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण लेख शेवटपर्यंत वाचून लिहिलेली आहे, म्हणून जरा सविस्तर उत्तर देतो.

आधी माझी चूक. मानाग्वाला मी 'स्पॅनिशांची जुनी राजधानी' म्हटलं, ते साफ चुकलं. लिओन शहर उदारमतवाद्यांचं, ग्रानादा शहर सनातन्यांचं, आणि दोघांचं हाडवैर. त्या भांडणावर तोड म्हणून १८५२ मध्ये दोघांच्या मधल्या, तळ्याकाठच्या या गावाला राजधानी केलं. लेखात दुरुस्ती केली आहे.

आता मुख्य आक्षेप: 'शहर भूकंपानं पडलं, त्यात सोमोसाला कशाला ओढता?' (सोमोसा म्हणजे तिथला तेव्हाचा हुकूमशहा.) पाडलं भूकंपानंच. एकदा १९३१ मध्ये, आणि मग २३ डिसेंबर १९७२ च्या मध्यरात्रीनंतर, नाताळ तोंडावर असताना. हजारो माणसं गेली. पण मदत आली ती सोमोसाच्या नॅशनल गार्डच्या, म्हणजे त्याच्या सैन्याच्या, हातात, आणि तिथे तिला पाय फुटले. मदत मध्येच गडप होते असं कानावर आल्यामुळे बेसबॉलपटू रॉबेर्तो क्लेमेंते पुएर्तो रिकोहून स्वतःच सामान घेऊन निघाला. ३१ डिसेंबरला त्याचं विमान समुद्रात कोसळलं. इकडे मध्यवस्ती ओसाड राहिली, शहर बाहेर बाहेर पसरत गेलं. रस्त्यांवर सिमेंटचे ठोकळे बसले, तेही सोमोसाच्याच कारखान्यातले. १९७९ च्या उठावात लोकांनी तेच ठोकळे उपटून त्याच्या सैनिकांची वाट अडवली. एवढं सगळं गाळून या शहराबद्दल लिहायचं तरी काय?

'पत्त्यांची थट्टा केलीत' म्हणता. नाही हो! 'अर्बोलितो होतं तिथून दोन चौक तळ्याकडे, एक चौक खाली' हा तिथे सरळ पत्ता आहे. अर्बोलितो म्हणजे छोटं झाड. ते केव्हाच गेलं. तळ्याकडे म्हणजे उत्तरेला. 'वर' म्हणजे पूर्व, सूर्य तिकडून वर येतो म्हणून, आणि 'खाली' म्हणजे पश्चिम. चढउताराशी संबंध नाही, त्यामुळे परका माणूस हमखास चुकतो. (पाडलेल्या थिएटरच्या नावाचे बसथांबे आपल्याकडेही आहेतच की.)

राहिलं कॅथेड्रल. जुनं तडकलेल्या भिंती घेऊन त्या जुन्या मध्यवस्तीत उभं आहे. नवं १९९३ चं, तिथून दूर, वास्तुकार रिकार्दो लेगोर्रेतानं बांधलेलं, ६३ घुमटांचं. तुम्हाला ते 'अंड्यांचा ट्रे' वाटलं. मला आवडतं. इथे मात्र आपलं जमायचं नाही.